जत्रेतला रोबो

परवा आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टपाशी दोन बाप्ये उभे होते. दोघांचीही पोटं सुटलेली. एकाच्या हातात भाजीची पिशवी, दुसऱ्याच्या खांद्यावर मुलाचं दप्तर. विषय खेळण्यांचा चालला होता.

"आपल्या वेळचे ते रोबो आठवतात? लोखंड होतं राव, लोखंड! आता काय, दाबला की चुरा."

"आणि ते मधले? जनावरं काय, किडे काय. बघवत नव्हते."

लिफ्ट आली. त्यांनी माझ्यासाठी दार धरलं. मी "जा तुम्ही" म्हणालो आणि जिन्याने चढलो. गुडघे दुखतात, तरी चढलो. त्या दोघांचा काही दोष नाही. पण हे बोलणं कानावर पडलं की मला अजून शिसारी येते, आणि ती त्यांची येत नाही. मी हे आजवर घरात सांगितलेलं नाही. मुळात मी कमीच बोलतो. लोक त्याला स्वभाव समजतात, काही जण तर सज्जनपणा समजतात.

ते रोबो म्हणजे एका परदेशी कार्टूनच्या जोडीने निघालेली खेळणी. गाडी असायची, ट्रक असायचा, विमान असायचं. चाकं आत वळवायची, बॉनेट खाली ओढायचं, पाय बाहेर काढायचे, की त्याचा उभा माणसासारखा रोबो व्हायचा. उलट फिरवलं की पुन्हा गाडी. नव्वदीच्या सुरुवातीला वसईत ज्यांचं कुणी आखातात किंवा बोटीवर होतं त्यांच्याच घरी हे दिसायचं. तेही शोकेसमध्ये, काचेच्या आत, पाहुण्यांना दिसेल अशा बेताने. आम्ही नवघरला राहायचो. वडील मंत्रालयात कारकून. आमच्यातलं सगळ्यात लांब गेलेलं माणूस म्हणजे नागपूरची आत्या.

माझ्या मित्राचे पप्पा मात्र बोटीवर होते. मोठ्या मालवाहू बोटीवर, इंजिनाच्या खोलीत. त्यांचं घर पाचूबंदरला, किल्ल्याच्या पलीकडे, ख्रिस्ती कोळ्यांच्या आळीत. मी आणि तो पहिलीपासून एका बाकावर. पप्पा सुट्टीवर आले की बोलत सुटायचे. भर समुद्रात इंजिन बंद पडलं तेव्हा कप्तान कसा रडला. कुठल्याशा बंदरात एक केळीवाली त्यांच्याशी कशी भांडली, अगदी वसईच्या बाजारातल्यासारखी, भाषा कळत नसतानाही. तीच गोष्ट दर सुट्टीला, पण कप्तानाच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा दर वेळी तेच. काकी, म्हणजे मित्राची आई, बोंबील निवडता निवडता म्हणायची, "झाला? आता त्या पोराला जेवू द्या." पप्पांना कशाचा गर्व असेल तर तो त्यांच्या आठवणीचा होता. "माज्या डोक्यात कप्पे हायत," ते म्हणायचे. "सगला जागच्या जागी."

एका सुट्टीत ते आम्हा दोघांना निर्मळच्या जत्रेला घेऊन गेले. सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, विकणाऱ्या बायकांच्या पलीकडे एकाने चादर अंथरून खेळणी मांडली होती. त्यात एक लाल ट्रक होता, रोबो होणारा. डुप्लिकेट होता हे मलाही कळत होतं. एका डोळ्याचा निळा रंग गालावर ओघळलेला, पायाखाली कंपनीचा ठसा नाही, आत कसलंतरी भंगार ओतून वजन आणलेलं. मी मागितला नाही. नुसता उभा राहिलो. पप्पांनी तो उचलला आणि माझ्या हातात ठेवला.

"घे. कोनी विचारला कुठला, तं सांग, माज्या काकानं बोटीवरनं आनला." आणि एवढ्या मोठ्याने हसले की सुकेळीवाल्या बायकांनीही मान वळवून बघितलं.

पुढे काही वर्षांनी त्यांनी स्वतःच्या मुलासाठी बाहेरून खराखुरा आणला. तोवर कंपनीने गाड्या सोडून जनावरांचे रोबो काढले होते. हा सिंह होता. आयाळीचं आणि छातीचं प्लास्टिक सोनेरी, आत चमचमणारे कण. खोक्यातला कागद कुठल्या भाषेत होता देव जाणे. बाप-लेक जमिनीवर पाय पसरून दिवसभर तो फिरवत बसले होते. पप्पा घामाघूम. "इंजिन सोपा, हा कठीन," म्हणत होते. मी बाजूला बसून बघत होतो. मला आत घेतलं नव्हतं असं नाही. मीच गेलो नाही.

आता मला जे लिहायचंय ते त्यानंतरचं, दोन हजारच्या दशकातलं. आम्ही पंचविशी गाठलेली, नोकऱ्या लागलेल्या. त्या रोबोंवर मोठा सिनेमा आला आणि इतकी वर्षं शोकेसमध्ये पडलेली ती खेळणी अचानक प्रतिष्ठेची झाली. वसई रोडला स्टेशनजवळ एका सरांचे खासगी क्लासेस होते, दहावी-बारावीचे. सरांना स्वतःला या रोबोंचं वेड. रविवारी सकाळी क्लासची खोली मोकळी असायची, तिथे आम्ही आठ-दहा जण जमायला लागलो. कुणी बँकेत, कुणी मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, एक जण आखातात वाढून परत आलेला. त्याला आम्ही दुबई म्हणायचो. फळ्यावर आदल्या दिवशीचं अर्धवट पुसलेलं गणित असायचं. त्यावरच सर तीन रकाने आखायचे. जुना काळ. मधला काळ. नवा काळ. मग दोन-दोन तास वाद.

"जुना म्हणजे जुना. हातात घेतला की कळतं माल आहे."

"माल आहे, पण गुडघा कुठंय? वाकत नाही, बसत नाही. वीट आहे ती वीट. डोळे लावलेली वीट."

"विटेचंच घर टिकतं, साहेब. नव्याचं काय, पाय फिरवला की हात पडतो."

"नव्याला निदान चेहरा आहे. तुमच्या जुन्याचं तोंड म्हणजे आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी."

असं लिहिलं की मजेशीर वाटतं. काही दिवस होतंही. पण मी त्या खोलीत पुष्कळ रविवार बसलोय आणि मला माहीत आहे की तिथे खेळण्यांबद्दल फारसं कुणी बोलतच नव्हतं. जुना काळ चांगला म्हणजे, बघा, आमच्याकडे तेव्हापासून होतं. आमचा मामा तेव्हा दुबईला होता. तुम्ही कोण? मिशा फुटलेली माणसं बेंबीच्या देठापासून ओरडायची, तोंडातला वडापाव फळ्यापर्यंत उडायचा. एकाने दुसऱ्याचा रोबो हातात घेऊन हुंगला होता, प्लास्टिक कुठल्या वर्षाचं ते वासावरून सांगतो म्हणून, आणि बाकीचे श्वास रोखून त्याच्या नाकाकडे बघत होते. मी त्या नाकाशेजारीच बसलो होतो आणि गंभीरपणे मान हलवत होतो.

कारण त्या खोलीत शेवटचा शब्द माझा असायचा. मी कमी बोलायचो, म्हणून जे बोलेन ते खरं वाटायचं. संध्याकाळी मी सायबर कॅफेत बसून परदेशातल्या शौकिनांच्या चर्चा वाचायचो आणि रविवारी त्यातलं एखादं वाक्य टाकायचो. आणि माझ्याकडे तो लाल ट्रक होता. डोळ्याचा ओघळ मी ब्लेडने खरवडून काढला होता. ठसा नाही म्हणून कुणी विचारलं तर मी सांगितलं होतं, "पहिल्या खेपेला ठसा नसायचा." हे मी स्वतःच्या मनाने ठोकलं होतं. महिन्याभरात दुबई तेच वाक्य दुसऱ्यांना शिकवायला लागला. आणि कुठला विचारलं तर? "काकांनी बोटीवरून आणला." पप्पांनी थट्टेत दिलेलं वाक्य मी जसंच्या तसं वापरलं.

आमच्यात एक पद्धत होती. तिला फेरी म्हणायचे. नवा माणूस आपला रोबो घेऊन आला की तो सगळ्यांच्या हातातून जायचा आणि प्रत्येकाने तो एकदा पूर्ण फिरवायचा, गाडीचा माणूस आणि माणसाची गाडी. एवढे हात लागूनही जो धड राहिला तो पास. माझा ट्रक पास झाला होता. भंगार ओतलेला तो, त्याला काय होतंय?

माझा मित्र तिथे येईल असं मला वाटलं नव्हतं. मी त्याला बोलावलं नव्हतं. कॉलेज वेगळं झाल्यावर आमचं येणंजाणं कमी झालं होतं, आणि खरं सांगायचं तर मीच ते कमी होऊ दिलं होतं. झेरॉक्सच्या दुकानात सरांनी चिकटवलेला कागद वाचून तो एका रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपून आला, इस्त्रीच्या शर्टात. मला बघून चेहरा फुलला त्याचा. "अरे, तू इथे!" सरांनी टेबलावरचा लाल ट्रक उचलून त्याला दाखवला. "ही आमची शान. पहिल्या खेपेचा. याच्या काकांनी बोटीवरून आणलेला."

तो ट्रककडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मला वाटलं, संपलं.

"हो," तो म्हणाला. "माहीत आहे मला. मी होतो ना तेव्हा."

आणि हसला. अगदी बापासारखा, फक्त आवाज न करता. त्याने मला वाचवलं होतं. मी उपकार मानायला हवे होते. मला त्या क्षणापासून तो नकोसा झाला. दर रविवारी तो दारातून आत आला की आता हा बोलणार असं मला वाटायचं, आणि ती भीती मी त्याच्यावर रागाच्या रूपाने काढायचो.

त्याच सुमाराला सरांनी प्रदर्शन ठरवलं. एका सोसायटीचा हॉल, तीन टेबलं, तीन काळ. पण मधल्या काळाला टेबल द्यायचंच कशाला, असा सूर निघाला. जनावरांचे रोबो म्हणजे कंपनीची चूक. मित्र पहिल्यांदाच उभा राहून बोलला. म्हणाला, "माझ्याकडे सिंह आहे. मला तो ठेवायचाय. माझ्या पप्पांना झटका आला गेल्या वर्षी. उजवी बाजू गेली. बोटीवरची नोकरी सुटली. घरात बसून असतात, कुणाशी बोलत नाहीत. पण तो सिंह हातात दिला की बोलतात. सगळं आठवतं त्यांना, कुठल्या बंदरात घेतला, दुकानदार कसा होता. त्यांना म्हटलंय मी, तुमचा सिंह हॉलमध्ये मांडणार, लोक बघायला येणार. तर येतो म्हणाले. वर्षभरात पहिल्यांदा घराबाहेर यायला तयार झालेत."

मग दुबई म्हणाला, "पाचूबंदरला तर बोंबलाचा रोबो निघायला पाहिजे. फिरवला की सुकट!"

सगळे हसले. मीही हसलो. ज्या घरात मी कितीतरी वेळा जेवलोय त्या घरावर.

मित्र हसला नाही आणि चिडलाही नाही. त्याने शांतपणे विचारलं, "मग फेरीत पास झाला तर टेबल द्याल?"

"नियम म्हणजे नियम," सर म्हणाले. "पास झाला तर मिळालं टेबल."

त्या आठवड्यात मी सायबर कॅफेत बसलो होतो तेव्हा मला हवं ते सापडलं. हवं ते, असंच लिहितो. परदेशातल्या लोकांनी लिहिलं होतं की त्या सोनेरी कणांच्या प्लास्टिकमध्येच दोष आहे. काही वर्षांनी ते आतून ठिसूळ होतं, वरून कळतही नाही. काचेत ठेवलं तर राहतं, फिरवलं तर सांध्यांपाशी चुरा होतो. आणि हेही लिहिलं होतं की मधल्या काळाशी त्याचा काही संबंध नाही, जुन्यातले शेवटचे काही रोबोही असेच फुटलेत. पुन्हा पुन्हा बजावलं होतं: सोनेरी असेल तर फिरवू नका, नुसतं बघा.

मी ते नीट वाचलं. उठलो, पैसे दिले, घरी आलो. मित्राच्या घरचा नंबर मला शाळेपासून पाठ होता.

रविवारी त्याने सिंह आईच्या जुन्या ओढणीत गुंडाळून आणला. उलगडला तेव्हा सगळे बेंच सोडून पुढे वाकले. इतका देखणा रोबो आमच्यात कुणाकडेच नव्हता. फळ्याजवळच्या खिडकीतून ऊन येत होतं, त्यात ती आयाळ चमकत होती. दुबईसुद्धा म्हणाला, "च्यायला."

मित्र सरांना म्हणाला, "सर, नुसता बघून ठरवता येईल का? बरीच वर्षं फिरवलेला नाही. पप्पा म्हणतात जपून."

सरांनी माझ्याकडे बघितलं. सरांना त्या वेळी नाही म्हणवत नव्हतं, हे मला दिसत होतं. मी फक्त मान हलवली असती तरी सिंह पास झाला असता.

मी म्हणालो, "सगळ्यांचे फिरवलेत. माझाही फिरवलाय."

पहिल्या हातातच गेला. बँकवाल्याने पुढचा पंजा बाहेर ओढला आणि बिस्किट मोडावं तसा आवाज झाला. त्याने घाबरून दुसरा हात लावला तर छातीचा सांधा सुटला, मग आयाळ. कुणी काही करत नव्हतं तरी तुकडे पडत होते. बेंचवर सोनेरी भुगा. दुबई फळ्यापाशी गेला. मधल्या काळाच्या रकान्यावर त्याने मोठी फुली मारली. "निकाल लागला. कचरा!" टाळ्या पडल्या. कुणी शिट्टी मारली. एवढे दिवस चाललेल्या वादाचा फैसला झाल्याचा आनंद होता सगळ्यांना. सर म्हणाले, "वाईट झालं रे. पण क्वालिटी ती क्वालिटी."

मी म्हणू शकत होतो की हा प्लास्टिकचा दोष आहे, काळाचा नाही. मला माहीत होतं. मी भुग्याकडे बघत होतो.

मित्राने तुकडे ओढणीत गोळा केले. बारीक भुगाही तळहाताने सारून घेतला. माझा लाल ट्रक त्याच बेंचवर, त्याच्या कोपरापाशी उभा होता. एक वाक्य पुरलं असतं त्याला. मी वाट बघत होतो त्या वाक्याची. त्याने ओढणीला गाठ मारली. "येतो," म्हणाला, सगळ्यांना मिळून, आणि गेला.

तो परत आला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहायलाच हवं.

प्रदर्शन झालं. टेबलं दोनच. माझा ट्रक मधोमध, मखमलीच्या तुकड्यावर. पुढे सरांच्या सुंदर अक्षरातली पाटी: जुना काळ, पहिली खेप, परदेशी, अस्सल. बरीच माणसं आली, पोरं आली, फोटो निघाले. दुपारी गर्दी ओसरली तेव्हा दारात काठीचा आवाज आला.

पप्पा. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, केसांना तेल. उजवा पाय ओढत, भिंतीचा आधार घेत आत आले. सोबत कुणी दिसेना. काकी खाली रिक्षावाल्याशी बोलत होती, ते मला नंतर कळलं. मित्राची त्या दिवशी ड्युटी होती. सिंह मोडल्याचं त्याने त्यांना सांगितलंच नव्हतं. 'मित्राकडे ठेवायला दिलाय' म्हणाला होता. मित्र म्हणजे मी.

मला बघून त्यांचा अर्धा चेहरा हसला. "पोरा," म्हणाले, जीभ जड झाली होती, "आमचा सिंव्ह कुटं ठेवलास?"

"काका, या वेळी जागा कमी पडली. पुढच्या वेळी ठेवू."

"बरा. बरा." त्यांनी मान हलवली, पण नजर टेबलावर फिरत राहिली. मग ती लाल ट्रकवर थांबली. सगळा चेहरा हलला त्यांचा, न हलणारी बाजूसुद्धा. डाव्या हाताने काठी पोटाशी धरून ते पुढे वाकले.

"ह्यो तं आपला! जत्रेतला! निर्मलच्या!" आवाज एवढा मोठा निघाला की त्यांनाच आश्चर्य वाटलं असावं. "सुकेली खाल्लेली आपुन. तुजा तोंड चिकट. मी सांगितला तुला, कोनी विचारला तं... कोनी विचारला तं..." आणि हसायला लागले, तेच जुनं हसणं, आता एका बाजूने.

सर शेजारी उभे होते. दुबईही. सर म्हणाले, "जत्रेतला?"

मी म्हणालो, "नाही काका. तो वेगळा. तो केव्हाच मोडला."

"ह्योच तो," पप्पा म्हणाले. "डोला बघ. डोल्याचा रंग..." त्यांनी पुन्हा वाकून बघितलं. डोळा स्वच्छ होता. मीच खरवडला होता.

"तुम्हाला आठवत नाहीये, काका," मी म्हणालो. आवाज मऊ केला होता, आजारी माणसाशी बोलतात तसा. सरांनीही सहानुभूतीने मान हलवली.

पप्पा पाटीकडे बघत राहिले. ओठ हलत होते, कसलातरी हिशेब चालला होता आत. तेवढ्यात काकी वर आली. पप्पा तिला म्हणाले, "मला वाटला तो आपला. नाय. येगला हाय तो. डोकं चालत नाय आता." आणि माझ्या खांद्यावर डावा हात ठेवून म्हणाले, "चांगला हाय तुजा. संबाल."

ती दोघं जिना उतरेपर्यंत काठीचा आवाज येत राहिला. दुबई म्हणाला, "बिचारे." मी मखमल सरळ केली.

त्यानंतर मी रविवारी जाणं सोडलं. कारण सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. ते वाद पुढेही कितीतरी वर्षं चालू होते म्हणे, आधी त्या खोलीत, मग फोनवर. ट्रक स्टीलच्या कपाटात गेला. माझं लग्न झालं, घर बदललं. पप्पा गेल्याचं मला चर्चच्या बाहेर लावलेल्या फोटोवरून कळलं, बसमधून जाताना. मी उतरलो नाही.

पाचूबंदरला गेलो तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी, सायबर कॅफे बंद होऊन गेले तेव्हा. ट्रक पिशवीत घेतला होता. काकी ओट्यावर बसून जाळ्यातली मासळी सोडवत होती, हात तसेच चपळ. मित्र आत होता, दाढी पांढरी. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. सायबर कॅफेत वाचलेलं, फेरी, हॉलमधलं. आयुष्यात एका दमात एवढं कधी बोललो नव्हतो. मला वाटत होतं की सिंहाचं ऐकून तो उसळेल.

"सिंहाचं मला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "तू कधी उगाच बोलत नाहीस. त्या दिवशी बोललास. पण हॉलमधलं..." तो थांबला. "पप्पा घरी येऊन मला विचारत होते, जत्रेत त्याला मी घेतला होता ना? मला वाटलं, तुझी अडचण होईल. म्हटलं, नाही पप्पा, तो दुसरा कुणीतरी असेल. मी माझ्या बापाला सांगितलं हे. तुझ्यासाठी."

ओट्यावरून काकी बोलली, माझ्याकडे न बघता. "त्या दिसापासून दर गोष्टीला मला विचारायचं. आगो, कप्तान रडला होता ना? का मी मनानं बोलतो? मी काय बोटीवर व्हती? मंग गप झालं. सिंव्हाचा पन विचारला नाय परत."

मी पिशवीतून ट्रक काढून तिच्यासमोर ठेवला. तिने हात पदराला पुसले, तो उचलला, उलटा केला, सुलटा केला. डोळ्यापाशी अंगठा फिरवला, जिथे ब्लेडचे ओरखडे होते.

"ह्योच?"

"हो काकी. काकांनीच घेतलेला."

"त्यांना बरोबर आठवत व्हतं मंग."

"हो."

"सगला?"

"सगळं, काकी."

ती तो मांडीवर घेऊन बसली. बाहेर तराजूच्या पारड्यांचा आवाज येत होता, मासळीचा लिलाव चालला असावा. मला वाटलं आता चहा होईल, किंवा शिव्या. दोन्ही चाललं असतं मला. मित्र दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्या क्लासच्या खोलीत शेकडो वेळा पाहिलेलं होतं. डुप्लिकेट हातात आल्यावर शौकीन माणसाचा चेहरा जसा होतो, तसा.

मी ट्रककडे हात केला, पिशवीत परत ठेवायला.

काकीने तो बाजूला घेतला. "ह्यो हितंच ऱ्हाईल. आमच्या मान्सानं घेतलाय." मग जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. "तू जा आता."